बाराचा नैवेद्य

…नाही नाही, आधी तुम्ही ते पायाला हात लावणं बंद करा, तुम्हाला हात जोडतो! काल सदर बाजारात हेच झालं. पानठेल्यावर उभा आहे, पान तोंडात, अन् तो पानवाला एकदम खाली वाकला, मला वाटलं सुपारी पडली असेल याची, तर हा माझ्या चपलेला हात लावून स्वतःच्या डोळ्यांना लावून राहिला! ‘भैयाजी, आप तो धन्य हो।’ बाजूला चार फौजी उभे, ते पण वळून पाहून राहिले की हा कोण महाराज आला म्हणून. मी तिथून जो सटकलो तो स्कूटर तिथंच विसरलो, इथल्या गोरखपुर मोहल्ल्यापर्यंत पायी आलो, मग आठवलं की अरे, आपली स्कूटर! पण परत जायची हिंमत होते का? म्हटलं राहू दे, उद्या कोणाला तरी पाठवू. लाज वाटते हो सांगायला. पण तुम्ही बाहेरगावचे लोक, तुम्हाला सांगतो, कोणाजवळ तरी बोललो नाही तर मला घास उतरणार नाही.

माझं असं आहे, मी फॅक्टरीत प्लॅनिंग सेक्शनला. कोणती फॅक्टरी ते विचारू नका, जबलपुरात दगड फेकला तर कोणत्या ना कोणत्या फॅक्टरीच्या पत्र्यावरच पडते. आम्ही ट्रॉल्या बनवतो. म्हणजे बनवतात दुसरे, मी फक्त केव्हा बनवायच्या ते सांगतो, अन् हे सांगणं काही सोपं नाही बरं! आता पाहा, मला चाकं महिनाअखेर पाहिजे. मी शॉपवाल्यांना महिनाअखेर सांगतो का? कधीच नाही. मी सांगतो वीस तारीख. टेबलावर हात आपटून वीस! त्यांना माहीत आहे की या माणसाचा वीस म्हणजे तीस. ते वीसला चहा पितात, पंचवीसला हलतात, तीसला चाकं आणून ठेवतात. मी म्हणतो उशीर केला, ते म्हणतात सॉरी साहेब, अन् माल वेळेवर निघते. कोणी कोणाशी खरं बोलत नाही अन् काम मात्र बरोबर चालते, यालाच प्लॅनिंग म्हणतात. अन् एवढं करूनही मार्चच्या शेवटी दोन-चार ट्रॉल्या अर्धवट राहिल्या, तर त्याचीही रीत आहे. वरून ताडपत्री घालायची, यार्डात रांगेत उभ्या करायच्या, आकड्यात धरायच्या, अन् एप्रिलमध्ये आरामात ताडपत्रीखाली हात घालून उरलेलं काम पुरं करायचं. साहेब येतात, ताडपत्र्या पाहतात, शाबाश म्हणतात. ताडपत्री उचलून पाहायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता म्हणाल, यात महालक्ष्म्या कुठून आल्या? तेच तर सांगून राहिलो!

आमच्या घरच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा अन् कनिष्ठा, पितळेचे मुखवटे. आजोबा रेल्वेत लागले तेव्हा वऱ्हाडातून ट्रंकेत घालून घेऊन आले. त्या वेळी नागपूर अन् जबलपूर एकाच प्रांतात, नागपूरला जाणं म्हणजे घरच्या घरात जाणं. मग सरकारनं मध्ये रेघ मारली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, अन् आमच्यासोबत त्या दोघी पण राहिल्या. भाद्रपदात बसतात, दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण, सोळा भाज्या, आंबील, कढी, सगळं सोवळ्यात. तिसऱ्या दिवशी निघतात. आई आता नागपूरला असते, माझ्या मोठ्या भावाकडे, गुणवंतकडे, पण महालक्ष्म्यांना मात्र इथं येते. वीस वर्षं झाली, सगळं माझी बायको करते, हेमलता. मी फक्त केळीची पानं आणतो, अन् ती पण फाटकी आणली म्हणून बोलणी खातो.

तर या वर्षी काय झालं, आषाढात हेमलता आंगणात घसरली अन् उजवा हात मोडला. कोपरापासून बोटापर्यंत प्लास्टर. आईला कळलं, तिनं नागपूरहून फोन केला. आईचा फोन म्हणजे पलीकडच्या क्वार्टरमध्येही ऐकू येते. म्हणे, ‘हे पाहा चिंतामणी, हेमलताचा हात असा, तिकडे सोवळ्याचं करणारं कोणी नाही, पोरं तुझी घरात हिंदी बोलतात, आरतीत पहिल्या ओळीच्या पुढं त्यांना काही येत नाही. मुखवटे गुणवंतकडे येऊ दे. यंदाचं करू तिथंच, पण मी डोळ्यांनी पाहते. रीतीनं अन् वेळेवर झालं तर राहतील, नाही झालं तर परत येताना मी पिशवीत घालून आणते.’

हेमलता बाजूलाच उभी होती. रात्रीच्या पोळ्या बाहेरून आल्या होत्या, त्या एका हातानं वाढता वाढता म्हणाली, ‘हे मुखवटे गेले तर या घरात मराठी काय उरणार हो? भिंतीवरचं कॅलेंडर?’ अन् डोळ्यांत पाणी. आता तुम्ही सांगा, अशा वेळी नवऱ्यानं काय म्हणावं? गप्प बसावं, बाजारात जाऊन भाज्या आणाव्या. मी काय म्हटलं? मी छाती फुगवून म्हटलं, ‘तू कायले घाबरतेस! मी आहे ना! अरे, अख्ख्या यार्डाची डिलिव्हरी काढणारा माणूस मी, तिथं एक नैवेद्य काय चीज आहे!’ लाज वाटते हो सांगायला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं पोरगी बापाकडे पाहते, खरंच विश्वास ठेवून पाहिलं.

आई आली अन् पहिलाच घोळ सोवळ्याचा. आईचं म्हणणं, स्वयंपाकघरात जाईल ती न्हाऊन, ओल्या अंगानं सोवळं नेसून. आता हेमलताचं प्लास्टर! ते ओलं करता येत नाही अन् ओलं झाल्याशिवाय ते सोवळं होत नाही. आईनं त्या प्लास्टरकडे असं पाहिलं जसं कोणी चप्पल घालून देवघरात आलं. शेवटी ठरलं की हेमलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून सांगेल अन् आत करेल पुष्पा. पुष्पा म्हणजे आमच्या मागच्या क्वार्टरमधली, आर्वीकडची, हाताला चव आहे बाईच्या. तिचा नवरा अंबादास माझ्याच सेक्शनला, माझ्याच समोरच्या टेबलावर. हे लक्षात ठेवा, इथंच माझा घात झाला.

मी हेमलताला विचारलं, नैवेद्य खरा केव्हा होईल? ती म्हणाली पुष्पा सहाला आली तर दीडपर्यंत होईल. म्हटलं ठीक. अन् मग मी बसलो प्लॅनिंगला! पुष्पाला निरोप दिला, चार वाजता ये. फुलवाल्याला आदल्या दिवशीची वेळ दिली. समोरच्या मिश्राइनला, म्हणजे मिश्राजींच्या बायकोला, दर्शनाला यायचं होतं, तिला सांगितलं बारा. अन् आईनं विचारलं, ‘नैवेद्य किती वाजता रे?’ तर तोंडातून आपोआप निघालं, बारा! सवय हो, दुसरं काय! दीडची गोष्ट दीड म्हणून सांगायला माझी जीभच वळत नाही. वाटलं, आईला बारा सांगितलं तर सगळ्यांच्या मागं लागेल, अन् दीडला बरोबर होईल. आता आईचं काय आहे, त्या दिवशी नैवेद्य झाल्याशिवाय ती चहाचा घोट पण घेत नाही. मला माहीत होतं का? होतं ना. पण ते माझ्या हिशेबातच आलं नाही, चाकं उपाशी बसत नाहीत ना!

तर उजाडला दिवस. फुलवाला नवा होता, त्यानं माझी वेळ खरी समजली, फुलं आदल्या दुपारीच आणून टाकली होती, सकाळपर्यंत झेंडूंनी माना टाकल्या. चला, ते चालून जाते. पण चार वाजले, पुष्पा नाही. पाच, नाही. सहा, नाही! हेमलता स्टुलावर बसलेली, आतमध्ये चूल म्हणजे गॅस थंड, सोळा भाज्या टोपलीत माझ्याकडे पाहून राहिल्या, अन् बाहेर आई आंघोळ करून, नऊवारी नेसून, देवींसमोर पाटावर बसलेली, जप करून राहिली. मी सोवळं नेसून मागच्या दारानं गेलो पुष्पाकडे. अंबादास आंगणात दात घासून राहिला होता, आरामात! म्हटलं अंबादास, वहिनी कुठं आहे? तर तोंडात ब्रश ठेवून हसला अन् म्हणते, ‘साहेब, तुमचं चार म्हणजे साडेआठ ना? मीच तिला म्हटलं झोप अजून.’

आता याला काय बोलणार? सात वर्षं मीच त्याला शिकवलं! माझ्या तारखेतून किती वजा करायचं ते त्याच्या इतकं कोणाला कळते? गेल्या वर्षी त्यालाच मी साहेबांसमोर उभं करून म्हटलं होतं की या पोरानं माझं काम उचललं.

पुष्पा आली धावतपळत, न्हाली, सोवळं नेसली, डाळ चढवली. पण डाळ थोडीच कोणाचं प्लॅनिंग ऐकते? ती तिच्या वेळेनं शिजते. हेमलता स्टुलावरून, ‘पुष्पा, गवार निवडली का, पुष्पा, आंबील हलव, पुष्पा, पडवळ राहिलं,’ तिचा तो प्लास्टरचा हात हवेत असा उठून उठून खाली येऊन राहिला, आत जाता येत नाही म्हणून बाई नुसती स्टुलावर तडफडून राहिली. अन् तिकडून दर अर्ध्या तासानं आईचा आवाज. ‘झालं का रे?’ होऊन राहिलं आई. ‘बारा म्हणाला होतास.’ हो आई, बाराच. प्रत्येक वेळी सांगायची संधी होती बरं मला! उठून म्हणायचं होतं, आई, दीड वाजेल, तू चहा घे. एक वाक्य. पण तेवढंच नाही निघालं, कारण तिनं सांगितलं होतं ना, वेळेवर नाही झालं तर पिशवीत घालून नेते. अन् माझ्या बायकोचं ते पाहणं माझ्या डोळ्यांसमोर.

बारा वाजले. आमच्या फॅक्टरीचा भोंगा झाला, म्हणजे त्यात काही खोटं बोलायची सोय नाही. आई पाटावरून उठली. मिश्राइन आली, सोबत तीन बायका घेऊन, सगळ्या नटूनथटून. अन् आत? आत डाळ शिजली होती, पुरण वाटायचं होतं, भाज्यांपैकी निम्म्या व्हायच्या होत्या, अन् पुष्पा म्हणे पुरणाच्या आधी मी कशालाच हात लावू देणार नाही, भात पण नाही, आमच्याकडे असं चालत नाही. बरोबरच होतं तिचं.

लाज वाटते हो सांगायला… पण मला त्या क्षणी काय दिसलं माहीत आहे का? मला मार्चचा शेवट दिसला. यार्ड दिसलं. रांगेनं उभ्या ट्रॉल्या, वर ताडपत्री. अन् माझे हात आपोआप चालायला लागले. चांदीची दोन ताटं घेतली. वाट्या मांडल्या, रिकाम्या. एक, दोन, सगळ्या मांडल्या, रीतीनं, डावी बाजू, उजवी बाजू. वरून केळीचं पान झाकलं. हेमलता उंबऱ्यावरून पाहून राहिली होती. तिला आधी कळलंच नाही, मग कळलं. हळूच म्हणाली, ‘अहो, हे काय करून राहिले तुम्ही?’ मी म्हटलं, ‘आत्ता आकड्यात धरून टाकू. आमच्या घरची रीत आहे ना, नैवेद्य दाखवला की दार लोटून घेतात, देवी निवांत जेवतात म्हणून, तेवढ्या वेळात पुरण होते, मी मागून भरून देतो.’ ती म्हणाली, ‘ट्रॉली आहे का ती?’ पण तोपर्यंत मी निघालो होतो.

अन् चाललो कसा! ताटं रिकामी, हलकी, तर ती जड आहेत असं दाखवायला मी गुडघे वाकवून, धापा टाकत चाललो. मिश्राइन म्हणे, ‘कितना भारी भोग है, भैया से उठ नहीं रहा।’ ठेवली देवींसमोर. आई म्हणाली, ‘पान काढ.’ म्हटलं, आई, माश्या फार झाल्या आहेत, या वर्षी झाकूनच दाखवू. आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. मग पाणी फिरवलं, तुळस ठेवली, हात जोडले, अन् आम्ही बाहेर आलो. आईनं दार लोटलं. अन् पाट घेऊन, तुम्हाला सांगतो, बरोबर दारासमोर पाट टाकून बसली!

आता झाली ना पंचाईत! खोलीला दार एक. खिडकी मागच्या बाजूला, तिला गज. मी वाटून झालं होतं तेवढं पुरण भांड्यात घेऊन खिडकीपर्यंत गेलो, खोटं नाही सांगत, हात गजातून आत घातला, कोपरापर्यंत गेला, पुढं जाईना. ताटं पार तिकडे. सोवळं नेसलेला माणूस, उघड्या अंगानं, खिडकीत हात अडकवून उभा, अन् रस्त्यानं पोस्टमन चाललेला. त्यानं विचारलं, ‘क्या हुआ साहब, ताला लग गया?’ मी म्हटलं, हाँ भैया. तो म्हणते, ‘मैं देखूँ?’ म्हटलं नको बाबा, तू जा.

मी हात सोडवून समोर येतो तोवर आईनं दार उघडलं होतं. मिश्राइननं पुढं होऊन पान उचललं. मी डोळे मिटले. म्हटलं संपलं, आता मुखवटे नागपूरला, बायको माहेरी, अन् मी यार्डात ताडपत्रीखाली.

अन् मिश्राइन किंचाळली, ‘अरे मैया! मैया ने तो सब पा लिया!’

मी डोळे उघडले. ती रिकाम्या वाट्यांकडे पाहून थरथर कापून राहिली होती, बाकीच्या तिघी खाली डोकं टेकवून राहिल्या होत्या. ‘एक दाना नहीं छोड़ा! कटोरी चाट के साफ कर दी!’ साफच असणार ना, बाई, सकाळी राख लावून मीच घासल्या होत्या! पण हे मी बोललो का? नाही बोललो. तोंड उघडलं, त्यातून हवा निघाली. तोपर्यंत एक जण पळत बाहेर गेली होती, ‘चिंतामणीजी के यहाँ देवी ने भोग खा लिया,’ अन् पाहता पाहता आमची अख्खी लाइन, मागची लाइन, पाण्याच्या टाकीपलीकडची लाइन, सगळे आमच्या दारात. माणसं डोकी टेकवून राहिली, बाया रडून राहिल्या. कोणी म्हणते प्रसाद द्या. प्रसाद कुठून देऊ, सगळं खाल्लं ना देवींनी! तर म्हणे त्या वाट्या धुऊन त्याचं पाणी द्या. दिलं. काय करता! लोकांनी तळहातावर घेऊन प्यायलं, डोक्याला लावलं. मी हातात तांब्या घेऊन वाटून राहिलो होतो. लाज वाटते हो सांगायला.

अन् आई? तिनं ताटांकडे पाहिलं, भिंतीला हात लावला, अन् हळूहळू तिथंच खाली बसली, डोळे मिटून, कपाळाला घाम. मिश्राइन म्हणे, ‘अम्मा को भाव आ गया, छूना मत कोई।’ झालं, अम्माच्या अंगात आलं म्हणून आता आईच्या पायाशी रांग. आई डोळे मिटून, भिंतीला टेकून, लोक तिच्या पायावर फुलं वाहून राहिले, ती कालची, माना टाकलेली. मलाही क्षणभर वाटलं हो, आपली आई, काय तेज दिसून राहिलं चेहऱ्यावर!

इकडे स्वयंपाकघरात दीड वाजता सगळं तयार झालं. बरोबर दीडला, हेमलतानं सांगितलं होतं तसं! पुरण, कढी, आंबील, सोळाच्या सोळा भाज्या. पुष्पानं दोन ताटं वाढली, वाफ निघून राहिली होती, अन् ती ताटं न्यायची कुठं? देवी तर जेवून चुकल्या! साऱ्या कॉलनीसमोर परत कशी वाढणार? पुष्पा गप्प. तिचाही उशीर त्यात झाकला गेला होता ना, ती कायले बोलते! हेमलता त्या दोन ताटांकडे पाहत उभी राहिली. मी म्हटलं, ‘पाहा, झालं ना वेळेवर! आता आई मुखवटे नेत नाही.’ तर ती म्हणाली, ‘वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या घरात उपाशी राहिल्या.’ एवढंच म्हणाली. अन् मोडक्या हातानं ताट उचलायला गेली, उचललं गेलं नाही, मग तिथंच बसून रडली. मी बाहेर येऊन पुन्हा पाणी वाटायला लागलो. तुम्ही मला सांगा, माणसानं दुसरं काय करावं अशा वेळी?

गर्दी पांगली तोपर्यंत तीन वाजून गेले होते. मग पंगत बसली, मग आईनं पहिला घास घेतला. संध्याकाळी फॅक्टरीचे साहेब सपत्निक दर्शनाला आले, मला म्हणतात, ‘चिंतामणीजी, आप के यहाँ तो देवी भी शेड्यूल से चलती हैं!’ अंबादास मागून असा हसून राहिला की मला त्याची बदली करावीशी वाटली. अन् आई मुखवट्यांचं हो म्हणत नाही अन् नाही पण म्हणत नाही. मला काय वाटलं, आई भारावली आहे. चला, म्हटलं, जिंकलो आपण. पण झोप येईना. हेमलता तिकडे तोंड करून पडलेली, मी इकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी देवी निघायच्या. दहीभाताचा नैवेद्य झाला, तो मात्र खरा झाला, अक्षता टाकल्या, मुखवटे उतरवले. आई खाली बसून एक एक मुखवटा मऊ फडक्यात गुंडाळून राहिली होती. बाजूला तिची पिशवी, नागपूरची. हेमलता दारात उभी, त्या पिशवीकडे पाहत. मला नाही राहवलं. म्हटलं, ‘आई, एक सांगायचं आहे. कालचं ते ताट… देवींनी नाही खाल्लं. ते आधीपासूनच रिकामं होतं. मीच मांडलं.’

आईनं वर पण पाहिलं नाही. म्हणाली, ‘माहीत आहे.’

‘माहीत आहे?’

‘पुरण झालं असलं की घरभर वास येते. तू ताट आणलं तेव्हा घरात नुसती उदबत्ती होती.’ अन् गुंडाळून राहिली आपली.

मी म्हटलं मग तू बोलली काहून नाहीस? ती म्हणाली, ‘चार लोकांसमोर तुझं पान मी उचलू? माय आहे मी तुझी.’ मी तिथं बसलो खाली. डोळे वर होईनात. म्हटलं, आई, माझ्यामुळं त्या उपाशी राहिल्या. हेमलता कालपासून हेच म्हणून राहिली. तेव्हा आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं अन् पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘त्या कायले उपाशी राहतात रे? त्यांना जग वाढते. उपाशी मी होती. तू बारा म्हणाला, मी बारा धरून बसली. साखर आहे मला, सकाळची गोळी पोटात, वर अन्न नाही. ते काही भाव-बिव नव्हतं, चिंतामणी. चक्कर आली होती मला.’

काय सांगू तुम्हाला. तिच्या पायावर फुलं वाहून राहिले होते लोक, अन् मी तेज पाहून राहिलो होतो! साखरेच्या गोळ्या तिच्या बॅगेत मीच भरल्या होत्या, या वेळी तिला नागपूरहून आणताना. ती घाम आलेली माझी आई, भिंतीला टेकलेली, अन् एक घोट पाणी पण कोणी दिलं नाही तिला, कारण सगळं पाणी मी वाटून राहिलो होतो, वाट्यांचं. ती पडली असती हो. मी म्हटलं, ‘आई, मला लाज वाटते.’ ती म्हणाली, ‘वाटू दे थोडी. लाज वाटल्यानं कोणी मरत नाही.’

मग तिनं हेमलताला आत बोलावलं, प्लास्टरचा हात हातात घेतला, मुखवटे गुंडाळले त्याच हातात, सोवळं-ओवळं न पाहता, अन् मला विचारलं, ‘पुढच्या वर्षी नैवेद्य किती वाजता?’

तोंडात बारा आलं होतं. सवय हो! गिळलं. दीड म्हणणार होतो, तेही गिळलं, कोणाला माहीत दीडलाच होईल म्हणून! डाळ आहे, गॅस आहे, पुष्पा आहे. शेवटी म्हटलं, ‘आई, होईल तेव्हा. तू सकाळी चहा-पोळी खाऊन बस.’

आईनं मुखवटे उचलले, हेमलताजवळ दिले, म्हणाली ठेव वर कपाटात. अन् रिकामी पिशवी घडी करून बाजूला ठेवली.

तर असं आहे सगळं. सारी जिंदगी मी लोकांना तारखा वाटल्या, वीसच्या, पंधराच्या, टेबलावर हात आपटून आपटून, अन् त्यातली एक पण कोणी खरी मानली नाही. एकच पास झाली माझी, ‘होईल तेव्हा.’ सोमवारी वेल्डिंग शॉपनं मला हेच उत्तर दिलं तर त्यांना मेमो पण मलाच काढावा लागणार आहे.